लग्नात न वाजलेला डफ

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. सुधाकर कोटवाराच्या घरी प्रवीणचं नाव ठेवलं, त्याच वर्षी मी घडलो. ते साल १९९४. नव्या कायद्याची पहिली पंचायत निवडणूकही आमच्या गावात त्याच साली झाली, पण घरात कोणी ते साल निवडणुकीवरून सांगत नाही. सुधाकरची बायको इंदू म्हणायची, "पयले पाळण्यात प्रवीण आला, मंग खुंटीवर डफ आला." म्हणजे प्रवीण आणि मी एका वयाचे. हे लक्षात ठेवा. पुढे मला ज्याचा सगळ्यांत जास्त राग आला, तो हाच प्रवीण.

आमचं गाव रामाकोन्याहून सौंसरकडे येताना लागतं. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे वस्ती, तिला लागून कपाशीची वावरं, मग संत्र्याच्या बागा. सुधाकर या गावचा कोटवार होता. कोटवार म्हणजे सरकारचा निरोप गावात फिरून सांगणारा माणूस. असा निरोप सांगण्याला इकडे मुनादी म्हणतात.

मला मोहगावच्या मोरेश्वर नावाच्या कारागिरानं घडवलं. माझं कडं आंब्याच्या लाकडाचं आहे आणि त्यावर बकरीचं कातडं ताणलं आहे. मला सुधाकरच्या हातात देताना मोरेश्वर म्हणाला, "कातडं फाटते, त्याचं काही नाही. दुसरं चढवून देईन. पण कडं जप. कडं फुटलं का डफ संपला."

सुधाकर मला घेऊन घरी आला तर त्याची म्हातारी आई दारातच उभी राहिली.

"हे काय आणलं?"

"डफ आहे, माय."

"दिसते मले. तुह्या बापानं नागपुरातून दीक्षा घेऊन आल्यावर डफडं कन्हानीत फेकलं. लोकायनं चार महिने कामाले बलावलं नाही. उपाशी राह्यलो, पण पुन्हा उचललं नाही. अन् तू पैसे देऊन इकत आणून राहिला?"

तिचा राग खरा होता. जुन्या काळी यांच्या घरचा डफ साऱ्या गावाच्या वरातीपुढे चाले. वाजवणारा सगळ्यांत पुढे असे आणि जेवायला सगळ्यांत मागे, तेही गोठ्याजवळ. तो डफ नदीत गेला हे चांगलंच झालं. तो माझा आजा होता असं मी म्हणत नाही. त्याचं काम वेगळं होतं.

सुधाकर शांतपणे म्हणाला, "माय, थो डफ दुसऱ्याच्या वरातीपुढं चाले. हा लोकायले सभेत बलावते. हा फक्त ग्रामसभेसाठी वाजीन. लग्नात नाही, वरातीत नाही, मयतीत नाही. आपल्या घरच्याबी नाही."

म्हातारीनं मला उलटसुलट करून पाहिलं. थोड्या वेळानं तिनंच खुंटी दाखवली.

सुधाकरनं हा शब्द जन्मभर पाळला. पोलिओचा डोस असो, रेशन असो, नुसती हाक मारून तो निरोप सांगे. मला मात्र ग्रामसभेच्या आधीच खाली काढी. अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्या धगीवर मला तापवी. थंड, सैल कातड्यातून आवाज निघत नाही. मग दोन काड्या घेऊन तो गावाच्या चारही टोकांना जाई.

"आयका हो आयका. परवा सकाळी आठ वाजता शाळेपुढं ग्रामसभा आहे. ज्याचं मत आहे थो यीन, बाया-मानसं सगळे. मंग म्हनू नका का सांगितलं नाही."

मित्रांनो, ग्रामसभा म्हणजे पंचायतीच्या पाच-दहा माणसांची बैठक नव्हे. मतदार यादीत नाव असलेलं अख्खं गाव म्हणजे ग्रामसभा. संविधानात त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली तेव्हा हे पक्कं लिहिलं गेलं. रस्ता कुठून जाणार, दिवा कुठे लागणार, पैसा कशावर खर्च होणार, हे विचारायचा हक्क कपाशी वेचणाऱ्या बाईलाही मिळाला. पण सभा आहे हे तिला कळलंच नाही तर ती विचारणार कधी? ते कळवणं हे माझं काम. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

एकदा भगवंतराव आमच्या अंगणात आले. गावात त्यांची सगळ्यांत मोठी संत्र्याची बाग. मुलाचं, राजूचं, लग्न ठरलं होतं.

"सुधाकर, बँड तं सांगितला पांढुर्ण्याचा. पण पुढं डफ पायजे. जुनी रीत आहे."

"रीत जुनी आहे, भगवंतराव. डफ नवा आहे."

"मानपान करीन ना बाप्पा."

"मानपान नाही पायजे जी. मांडवात ग्रामसभा घ्या. मी फुकट वाजवतो."

भगवंतराव हसले. पण जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते विसरणार नाहीत हे मला कळलं.

मला अक्षरं उशिरा आली. २००३ च्या पावसाळ्यात विहाराच्या ओसरीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरे. सुप्रिया नावाची मुलगी पांढुर्ण्याहून शिकवायला येई. सुधाकरनं मला फळ्याशेजारी टांगलं होतं, कारण घरी छपरातून पाणी गळत होतं. फळ्यावरचं प्रत्येक अक्षर मी इंदूबरोबर गिरवलं. तिच्या हातात पाटी होती, मला नुसते डोळे होते, एवढाच फरक. चार महिन्यांनी इंदूनं आपलं नाव लिहिलं. हात असा दुखत होता म्हणाली, जसा दिवसभर वेचणी केल्यावर दुखतो.

एक दिवस सुप्रिया म्हणाली, "आता संविधानात आणखी एक दुरुस्ती झाली आहे, शहाऐंशीवी. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळणं हा त्याचा मूलभूत हक्क आहे."

इंदूनं विचारलं, "अन् चवदाच्या वर गेलेल्या बायायचं काय?"

"तुम्ही तर आल्याच आहात की, मावशी," सुप्रिया म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

त्याच वर्षी माझं कातडं फाटलं. मोरेश्वरनं नवं चढवलं. घरी आल्यावर सुधाकरनं मला वाजवून पाहिलं आणि इंदूला म्हणाला, "पाय, कडं थेच आहे अन् आवाज वाढला. संविधानाची दुरुस्तीबी अशीच पायजे. जिच्यानं गरिबाचा आवाज बसते, थे दुरुस्ती नाही, थे कडं कापनं आहे." इंदूनं मान हलवली. मी ते वाक्य कातड्याखाली जपून ठेवलं.

२०१६ मध्ये सुधाकर थकला आणि प्रवीण कोटवार झाला. दोन वर्षांनी सुधाकर गेला. इथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

प्रवीण वाईट मुलगा नाही. पण त्याला लाज वाटे. हातात चांगला मोबाइल, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि काखेत डफ? पंचायतीचा सचिव त्याला म्हणाला, "तू काऊन फिरून राहिला गावभर? ग्रुपवर मेसेज टाक, झालं." प्रवीणला ते पटलं. सभा अकराची असली तर मेसेज दहाला येई. त्या वेळी बाया वावरात असत. अर्ध्या जणींकडे फोन नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांचा नवरा घेऊन गेलेला असे. मला दारामागे टाकलं. माझ्यावर फवारणीचा पंप ठेवला. उंदरानं माझ्या कातड्याची कड कुरतडली. वर्षाला चार ग्रामसभा होत. म्हणजे होत नसत, फक्त लिहिल्या जात.

पंचायतीच्या रजिस्टरात प्रत्येक सभेच्या पानावर वर एक ओळ असते, "गावात मुनादी केली", आणि खाली कोटवाराची सही. ती सही नसेल तर सभा खरी ठरत नाही. प्रवीण चारही पानांवर जानेवारीतच सह्या करून टाकी. दारामागून मी हे ऐकलं तेव्हा माझं कातडं आपोआप ताणलं. अरे, माझ्या तोंडून न निघालेला आवाज तू कागदावर विकून राहिलास, आणि तोही फुकट.

मग २०२४ चा पंधरा ऑगस्ट आला. शाळेपुढे झेंडा लागला. वस्तीतली ही शाळा दोन खोल्यांची, चौदा मुलांची. प्रवीणची मुलगी यशोधरा तिथे दुसरीत होती. घरात तिला यशू म्हणत. झेंड्यानंतर लाडूची पाकिटं वाटली. सचिवानं रजिस्टर पुढे केलं. "ज्याले पाकीट भेटलं त्यानं सही करा, हिशेब द्यावा लागते." लोकांनी रांग लावली. कोणी अंगठा दिला, कोणी सही केली. मुनादीच्या ओळीखालची ठरावाची जागा कोरी होती.

यशू म्हणाली, "आजी, तू इंग्रजीत कर ना सही."

"नाही. मी माही मराठीतच करीन. याच्यासाठी चार महिने पाटी घासली म्या."

इंदूनं सावकाश, वळणदार सही केली आणि पाकीट घेतलं. दोन लाडू होते. एक यशूनं खाल्ला, एक प्रवीणसाठी घरी आणला.

दिवाळीची सुट्टी संपली. मुलं शाळेत गेली तर दाराला कुलूप. कळलं की शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन झाली. पलीकडे म्हणजे दोन किलोमीटर, आणि मध्ये तो रस्ता, ज्यावरून नागपूरचे ट्रक दिवसभर धावतात. सहा वर्षांचं पोर तो रस्ता कसा ओलांडणार, हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

इंदू सौंसरच्या कचेरीत विचारायला गेली. तिथून तिला पांढुर्ण्याला पाठवलं. पांढुर्णा आता आमचाच जिल्हा झाला ना, म्हणून ती भीत भीत गेली नाही, हक्कानं गेली. तिथल्या एका साहेबानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि एक कागद पुढे ठेवला.

"बाई, आम्ही काही मनानं केलं नाही. तुमच्या गावाचाच ठराव आहे. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. सर्वानुमते संमती. ही पहा, चौथी सही तुमचीच आहे ना?"

इंदूनं कागद वाचला. ती वाचू शकत होती, हेच तर वाईट झालं. वरती लिहिलं होतं: गावात मुनादी केली. खाली प्रवीणची सही. मग ठराव. मग लाडवाच्या रांगेतली सगळी नावं, आणि चौथ्या जागी तिचं वळणदार नाव.

संध्याकाळी ती घरी आली. प्रवीण जेवायला बसला होता. तिनं कागदाची नक्कल त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"वाच."

त्यानं वाचलं. घास हातातच राहिला.

"वरती तुही सही, खालती माही. मायलेकानं मिळून यशूची शाळा बंद केली, लेका. आपल्याले दुश्मन कशाले पायजे?"

"माय, सगळेच तसं करून राह्यले. सचिव म्हणे का नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"तुह्या बापानं बावीस वर्सं फॉर्मॅलिटीसाठी कातडं तापवलं का?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अन् मी काय केलं? पयले अंगठा देत होतो तं लोकं म्हनत, अडानी आहे. आता सही केली, पन वाचलं नाही. म्हनजे माही सही म्हनजे शिकलेला अंगठाच झाला."

प्रवीण उठून हात धुवायला गेला. इंदूनं फवारणीचा पंप बाजूला केला आणि मला उचललं. तिनं पदरानं माझी धूळ पुसली. त्या दिवशी मला प्रवीणचा राग होता, सचिवाचा होता, आणि खरं सांगतो, थोडा इंदूचाही होता. सहा वर्षं मी तिच्याच दारामागे पडलो होतो.

तिनं आधी एक अर्ज लिहिला: खास ग्रामसभा बोलवा आणि हा ठराव पुन्हा गावापुढे ठेवा. मग ती घरोघर गेली. ज्याच्याकडे जाई त्याला अख्खा अर्ज वाचून दाखवी आणि मगच सही घेई. एक जण म्हणाला, "राहू दे ना काकू, आन, करतो सही. तुह्यावर भरोसा आहे."

"माह्यावर नको ठेवू. लाडवावर ठेवला होता, पाह्यलं ना?"

पुरेशा सह्या झाल्या. पंचायतीला सभा लावावीच लागली. तारीख ठरली १५ डिसेंबर, रविवार. आता मुनादी कोण करणार? सचिवानं ग्रुपवर मेसेजही टाकला नाही. प्रवीण मान खाली घालून बसला. "मले निलंबित करतीन, माय. एकदा म्हनलं का मागची मुनादी झाली नोहोती, तं मी संपलो."

"मंग बस इथंच."

तीन दिवस आधीपासून इंदू पहाट सरताच, बाया वेचणीला निघायच्या आत, अंगणात पऱ्हाटी पेटवी आणि मला धगीवर धरी. सहा वर्षांनी माझ्या अंगात ऊब शिरली. बाईच्या हातानं मी कधी वाजलो नव्हतो. तिचा ठेका सुधाकरसारखा नव्हता, जरा वेडावाकडा होता. पण आवाज गावाच्या टोकापर्यंत जात होता.

दुसऱ्या दिवशी सचिव मोटारसायकल आडवी लावून उभा राहिला. "मावशी, हे काम कोटवाराचं आहे. तुम्ही कोटवार आहा का?"

"नाही जी. मी ग्रामसभेची मेंबर आहो. मतदार यादीत नाव पाहून घ्या. अन् गाडी बाजूले घ्या, मांगच्या घरी आवाज जाऊन नाही राहिला."

तिसऱ्या दिवशी आम्ही भगवंतरावांच्या फाटकापुढे पोचलो. त्यांची सून उर्वशी गावची सरपंच होती, आणि सरपंचाच्या खुर्चीवर बसत होता मुलगा राजू. भगवंतराव आता थकले होते. बाजेवर पडूनच ते म्हणाले, "इंदूबाई, माह्या पोराच्या लग्नात नाही वाजला तुमचा डफ. अन् आज दारात वाजून राहिला?"

"आज सभा आहे, भगवंतराव. मुनादीले आलो. या. अन् सरपंचबाईलेबी सांगा, सभा त्यायचीच आहे."

दाराआड उर्वशी उभी होती. ती आत गेली नाही. इंदूनं पुन्हा काडी मारली आणि उंदरानं कुरतडलेल्या जागेपासून माझं कातडं टरकन फाटलं. राजू हसला. इंदू थांबली नाही. तिनं कड्यावर मारलं. लाकडाचा खट खट आवाज झाला. वस्तीत परत येईपर्यंत ती कड्यावरच मारत राहिली. कडं मजबूत होतं.

रविवारी शाळेच्या कुलूपबंद दारापुढे एवढं गाव जमलं की सचिवाला रजिस्टर ठेवायला जागा उरली नाही. राजू खुर्चीवर बसला. भगवंतराव काठी टेकत आले, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऊठ रे. तुह्यं नाव कुठं आहे कागदावर?" लोक हसले. राजू उठला. उर्वशी बसली.

सचिवानं सुरुवात केली, "मागची सभा कायद्यानं झाली आहे. मुनादी झाल्याची कोटवाराची सही आहे. ठराव सर्वानुमते आहे."

इंदू मला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. बोलायला तिनंच उठायचं असं ठरलं होतं. पण ती उठायच्या आत मागून प्रवीण उभा राहिला.

"मुनादी झाली नोहोती," तो म्हणाला. "सही माही आहे, पन खोटी आहे. वर्षाच्या चारही सह्या म्या जानेवारीतच करून ठेवल्या होत्या. सभाबी झाली नोहोती. लाडू वाटले होते."

सगळे मागे वळून त्याच्याकडे पाहू लागले. तेवढ्यात यशू तिच्या आईच्या मांडीवरून म्हणाली, "बाबा, मीबी खाल्ला होता एक," आणि तेव्हा कुठे लोक श्वास घेऊ लागले.

उर्वशीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "लिहा सचिव. आधीचा ठराव गावाले मान्य नाही. शाळा इथंच पायजे. आधी लिहा, मंग मोठ्यानं वाचा, मंग आमी सह्या करू."

तो ठराव वर गेला. पण मित्रांनो, माझा राग इथे संपला असं समजू नका. ज्यानं कोऱ्या पानावर सह्या घेतल्या, त्या सचिवाची दुसऱ्या गावी बदली झाली. ज्यानं खरं सांगितलं, त्या प्रवीणला खोट्या सहीबद्दल नोटीस मिळाली. आणि कुलूप? ते तसंच राहिलं. प्रकरण विचाराधीन आहे, असं पत्र आलं. कुलूप लावायला लाडवाची एक रांग पुरली होती. ते काढायला अख्खं गाव कमी पडत होतं.

तोवर इंदू रोज सकाळी चौदा मुलांना रस्ता ओलांडून नेई. ती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राही आणि ट्रक थांबेपर्यंत हलत नसे. थंडी होती. तिला खोकला लागला, मग ताप. ती औषध घेई, पण रस्त्यावर जायची थांबली नाही.

प्रवीण मला मोहगावला घेऊन गेला. मोरेश्वर आता नाही, त्याच्या मुलानं नवं कातडं चढवलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची मुनादी प्रवीणनं माझ्यावर केली. त्याचा हात अजून बसलेला नव्हता. पण त्यानं भर गावात मला काखेत घेतलं आणि त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. माझा त्याच्यावरचा राग त्या दिवशी गेला.

मित्रांनो, गोष्टीतल्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसू नका, रंगवू नका, हार घालू नका. तुमच्या गावात सभा झाली असं कोणी म्हटलं तर एवढंच विचारा, मुनादी कोणी केली आणि ती कोणी ऐकली? कोऱ्या पानाखाली नाव लिहू नका, लाडू कितीही गोड असू द्या. आणि घरातली म्हातारी माणसं उशिरा अक्षरं शिकली असतील तर त्यांच्यापुढे कागद घाईनं सरकवू नका. मोठ्यानं वाचून दाखवा. संविधानातली दुरुस्ती कागदावर होते, पण तिचा आवाज कोणीतरी दारोदार न्यावा लागतो. नेला नाही, तर मी भिंतीवरचं मेलेलं कातडं आहे, दुसरं काही नाही.

इंदूच्या अंत्ययात्रेत लोक म्हणाले, "प्रवीण, आज तरी डफ वाजव. गावाले जागं केलं तिनं." प्रवीणनं नाही म्हटलं. मयतीत नाही, आपल्या घरच्याबी नाही, हा सुधाकरचा शब्द होता. मी खुंटीवर गप्प राहिलो. मला एवढं जड कधी गेलं नव्हतं.

गावाचा ठराव मान्य झाला आणि शाळेचं कुलूप १ एप्रिल २०२५ ला उघडलं. इंदू त्याआधीच, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी त्याच दुखण्यात वारली.